घरात राहूनच आकाशाचा अभ्यास कसा करावा? (सोलापूर)

जुळे_सोलापूर (प्रश्न, १६ फेब्रुवारी २०२६)

नमस्कार. मी जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर राहते. सासूबाई दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळून असल्यामुळे रात्री मला फार तर तासभर, आणि तोही वरच्या गच्चीपर्यंत जाण्याइतकाच, मोकळा मिळतो. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमासाठी गावाबाहेर रात्र काढणे सध्या शक्य नाही. मुलगी सातवीत आहे. तिला ग्रहताऱ्यांची ओढ लागली म्हणून दिवाळीत आम्ही ऑनलाइन एक दुर्बीण मागवली. खोक्यावर ‘५२५ पट’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. प्रत्यक्षात एकदा चंद्र बरा दिसला आणि त्यानंतर जे काही दिसले ते थरथरणारे, धूसर, पांढरे डाग होते. विक्रेत्याकडे तक्रार केली, तर ‘फोकस नीट करा’ एवढेच उत्तर आले. दुर्बीण आता माळ्यावर गेली आहे आणि मुलीचा उत्साहही तिच्यामागोमाग जाण्याच्या बेतात आहे.

आमच्या गच्चीवरून उत्तर आणि दक्षिण या दोन्ही बाजू बऱ्यापैकी मोकळ्या दिसतात. पूर्वेला रस्त्याचे दिवे आहेत आणि पश्चिमेला शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी आडवी येते. अशा जागेवरून, मोठा खर्च न करता, काही पद्धतशीर शिकता येईल का? व्हिडिओ आम्ही पुष्कळ पाहिले. कृष्णविवर म्हणजे काय हे मुलगी घडाघडा सांगते, परंतु संध्याकाळी डोक्यावर दिसणारा तेजस्वी ठिपका कोणता हे तिलाही सांगता येत नाही आणि मलाही. माझी खरी अडचण ही आहे. नवी दुर्बीण घ्यावी का, हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

---

माळवद

ताई, डोक्यावरचा तो तेजस्वी ठिपका गुरू आहे. यंदा तो मिथुन राशीत, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांच्या शेजारी आहे. तो लुकलुकत नाही आणि आसपासच्या प्रत्येक ताऱ्यापेक्षा उजळ आहे, त्यामुळे चुकण्याचा संभव कमी.

आता मूळ प्रश्न. आपल्याला एकाच जागेवरून पाहावे लागते हे आपण अडचण म्हणून लिहिले आहे. मी गेली चाळीस वर्षे जुन्या पेठेतल्या एकाच घराच्या छतावरून आकाश पाहतो आहे. आधी तेथे मातीचे माळवद होते, आता सिमेंटचा स्लॅब आहे, पण जागा तीच. अनुभवाने सांगतो की शिकण्यासाठी यासारखी सोय नाही. वर्षातून एकदा अंधाऱ्या माळरानावर जाणाऱ्याला हजारो तारे दिसतात आणि तो थक्क होऊन परत येतो. परंतु आकाश कसे सरकते, हे रोज त्याच कठड्यापाशी उभे राहणाऱ्यालाच कळते. आपला कठडा, आपली टाकी आणि आपली मूठ ही तीन उपकरणे आपल्याजवळ आहेतच.

मुठीपासून सुरुवात करा. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण १० अंश व्यापते. मुलीची मूठ लहान असली तरी तिचा हातही तेवढाच आखूड असतो, म्हणून तिचेही माप जवळजवळ तेच येते. रात्री नऊच्या सुमारास उत्तरेला तोंड करून क्षितिजापासून पावणेदोन मुठी मोजा. तेथे जो मध्यम तेजाचा, एकाकी तारा दिसेल तो ध्रुव. ईशान्येला वर येणाऱ्या सप्तर्षींच्या चौकोनातल्या, शेपटीपासून दूरच्या पुलह आणि क्रतू या दोन ताऱ्यांना जोडणारी रेषा पुढे वाढवली की ती त्याच्यापाशीच पोहोचते. त्याची उंची पावणेदोन मुठीच का, तर सोलापूरचा अक्षांश साडेसतरा अंशांहून किंचित अधिक आहे, आणि ध्रुवताऱ्याची उंची त्या गावच्या अक्षांशाइतकीच असते. पुस्तकात हे वाक्य सगळ्यांनी वाचलेले असते. स्वतःच्या मुठीने मोजलेले फार थोड्यांनी.

मग जागेवरच मागे वळा आणि दक्षिणेला पाहा. मृगाच्या खाली व्याध झळकत असेल. त्याच्याही बऱ्याच खाली, क्षितिजापासून दोन मुठींना जरासा कमी, एक शुभ्र तारा दिसेल. तो अगस्ती, आपल्या रात्रीच्या आकाशातला व्याधाच्या खालोखाल तेजस्वी तारा. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास सोलापुरातून उत्तरेला ध्रुव आणि दक्षिणेला अगस्ती जवळजवळ सारख्याच उंचीवर असतात. दिल्लीत हाच अगस्ती क्षितिजापासून एक मूठसुद्धा वर येत नाही आणि लंडनमधून तो कधीच दिसत नाही. विंध्य ओलांडून दक्षिणेत गेलेला ऋषी परतला नाही, या कथेचा अर्थ मला गच्चीवर उभे राहूनच उमगला. व्याध आपल्यापासून ८.६ प्रकाशवर्षांवर आहे, तर अगस्ती सुमारे ३१० प्रकाशवर्षांवर. डोळ्यांना दोघे शेजारी वाटतात, म्हणजे अगस्ती मुळात किती प्रखर असेल याचा अंदाज मुलीला करू द्या.

पश्चिमेच्या टाकीची तक्रार करू नका, तिचाच उपयोग करा. गच्चीवर खडूने पावलांची खूण करून ठेवा. रोज त्याच खुणेवर उभे राहून एखादा ठळक तारा टाकीच्या कडेआड कोणत्या वेळी जातो, ते मिनिटासह वहीत लिहा. आठवडाभर लिहा. काय आढळते ते मी आताच सांगत नाही, कारण ते आधी कळले तर त्यातली गंमत जाईल.

आणखी दोन गोष्टी. गच्चीवर गेल्यावर डोळे अंधाराला सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या पडद्याकडे एकदा पाहिले की तो सराव बराचसा वाया जातो. विजेरीवर पतंगाचा लाल कागद दोन पदरी लावा. स्टेलॅरियम हे मोफत सॉफ्टवेअर चांगले आहे, परंतु ते आधी पाहून वर जाऊ नका; वर जे दिसले त्याचे चित्र काढून आणा आणि मग खाली येऊन पडताळा. क्रम उलटा केला की माणूस आकाशाऐवजी पडदाच पाहत बसतो. (पूर्वी भारनियमनाच्या रात्री आमच्या पेठेतूनही आकाशगंगेचा पट्टा दिसत असे. वीज गेल्यावर आनंद होणारा गल्लीत मी एकटाच होतो.)

---

भिंगवाला

माळवदकाकांच्या म्हणण्याशी मी सहमत आहे, पण माळ्यावर गेलेल्या दुर्बिणीचा मला कळवळा येतो. आपल्या वर्णनावरून ती ६० मिलिमीटर व्यासाची आणि ७०० मिलिमीटर नाभीय अंतराची (भिंगापासून प्रकाश एकवटतो तिथपर्यंतच्या अंतराची) असावी, कारण ‘५२५’ हा आकडा नेमका तेथूनच येतो. दुर्बिणीचे नाभीय अंतर भागिले नेत्रिकेचे (डोळा लावायच्या भिंगाचे) नाभीय अंतर म्हणजे वर्धनक्षमता. ७०० ला ४ ने भागले की १७५ आणि मध्ये तीन पटींचे बार्लो भिंग घातले की ५२५. गणित बरोबर आहे आणि दावा निरर्थक आहे. भिंगाच्या व्यासाच्या मिलिमीटरमधील आकड्याच्या दुपटीपलीकडे वर्धन नेले की प्रतिमा केवळ मोठी होते, तपशील वाढत नाही. म्हणजे आपल्या दुर्बिणीची मर्यादा १२० पट. शिवाय ५२५ पटींवर दृष्टिक्षेत्र इतके अरुंद होते की पृथ्वीच्या भ्रमणामुळे ग्रह अर्ध्या मिनिटाच्या आत त्यातून निघून जातो, आणि तिपाईला नुसता हात लागला तरी तो नाचतो. आपण पाहिलेला थरथरणारा डाग बहुधा गुरूच होता.

म्हणून खोक्यातली सर्वांत मोठ्या आकड्याची, बहुतेक २० मिलिमीटरची, नेत्रिका लावा आणि बार्लो भिंग कपाटात ठेवून द्या. ३५ पट मिळतील. तिपाईचे पाय पूर्ण न उघडता दुर्बीण बुटकी ठेवा, खाली बसून पाहा आणि तिपाईच्या मध्यभागी वाळूची पिशवी टांगा. वर बसवलेली छोटी शोधक दुर्बीण दिवसा दूरच्या एखाद्या मनोऱ्यावर किंवा गिरणीच्या चिमणीवर रोखून मुख्य दुर्बिणीशी जुळवून घ्या. सोलापुरात चिमण्यांना तोटा नाही. हे जुळवणे राहून गेल्यामुळेच निम्म्या दुर्बिणी माळ्यावर जातात, असे माझे मत आहे.

एवढे केल्यावर गुरूचे चार मोठे उपग्रह दिसलेच पाहिजेत. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत जे पाहिले ते याहून बरे नव्हते. रोज ठरावीक वेळी एक आडवी रेघ ओढून मध्ये गुरू आणि दोन्ही बाजूंना ठिपके काढा. सर्वांत आतला आयो साडेबेचाळीस तासांत फेरी मारतो, तर गॅनिमीडला सात दिवसांहून थोडा अधिक वेळ लागतो. दहा-बारा चित्रे झाली की कोणता ठिपका कोणाचा, हे मुलगी स्वतः ओळखू लागेल. चंद्र पाहायचा तर पौर्णिमेला पाहू नका. सप्तमी-अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात, तेव्हाचा चंद्र पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा कितीतरी पटींनी देखणा असतो. शनी सध्या संध्याप्रकाशात बुडत चालला आहे आणि त्याची कडीही अजून बारीक आहेत, कारण २०२५ च्या मार्चमध्ये ती आपल्याला अगदी कडेवरून दिसत होती. पुढच्या काही वर्षांत ती उघडत जातील, त्यामुळे त्याची घाई नको.

एक सोलापुरी सूचना. आपल्याकडे दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो आणि त्या वर चढणाऱ्या हवेमुळे प्रतिमा उकळत्या पाण्यासारखी हलते. संध्याकाळी गच्चीवर झोपण्याआधी आपण पाणी मारतो, तसे सूर्यास्तालाच मारून ठेवावे. मार्चपासून पुढे याचा फरक स्पष्ट जाणवतो.

आता इशारा. खोक्यात नेत्रिकेवर बसवायची काळी ‘सूर्याची काच’ असेल, तर ती आजच फोडून टाका. वस्तुभिंगाने, म्हणजे पुढच्या मोठ्या भिंगाने, एकवटलेली उष्णता तिच्यावर पडते, ती अचानक तडकू शकते आणि डोळा कायमचा जातो. दुर्बिणीतून सूर्य पाहण्याचा विषयच घरात नको.

नवीन काही घ्यायचेच असेल तर १० × ५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर) घ्या. काकांना हे पटणार नाही, पण कृत्तिकेचा पुंजका आणि मृगातला तेजोमेघ द्विनेत्रीतून पाहिल्यावर मुलगी दुर्बिणीकडे आपणहून वळेल.

---

माळवद

मला पटते, फक्त आता नाही. वही तीन महिने भरली की मग द्विनेत्री घ्यावी. आमच्या नातवाला आधी द्विनेत्री मिळाली आणि त्याने ती समोरच्या इमारतीवरच अधिक वापरली.

---

पंचांगवाचक

ताई, आपल्याला रात्री तासच मिळतो असे आपण लिहिले आहे. पण खगोलशास्त्राचा निम्मा अभ्यास दिवसा होतो, आणि त्यासाठी अंथरुणाजवळून हलावेही लागत नाही.

गच्चीवर किंवा बाल्कनीत एक मीटर लांबीची काठी ओळंबा लावून सरळ उभी करा. जुन्या ग्रंथांत हिलाच शंकू म्हटले आहे. सूर्य माथ्यावर येण्याच्या वेळी तिची सावली मोजायची. ही वेळ घड्याळातले बारा नव्हे. आपले घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचे आहे आणि सोलापूर सुमारे ७५.९ अंशांवर, दर अंशाला चार मिनिटे धरली तर सरासरीने १२ वाजून २६ मिनिटांनी आपली मध्यान्ह होते. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, म्हणून हीही वेळ वर्षभर पुढेमागे होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती १२ वाजून १० मिनिटांवर येते आणि सध्या, फेब्रुवारीच्या मध्यावर, १२ वाजून ४० मिनिटांपलीकडे जाते. आज मध्यान्हीला मीटरभर काठीची सावली सुमारे ५८ सेंटिमीटर भरेल. २० मार्चच्या आसपास ती ३२ वर येईल आणि २१ जूनला फक्त १० सेंटिमीटर राहील, पण दक्षिणेकडे पडलेली! डिसेंबरच्या २१-२२ तारखेला ती सर्वांत लांब, ८७ सेंटिमीटर असते.

येथे संक्रांतीला सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेचा संबंध येतो. संक्रांतीपासून उत्तरायण सुरू होते असे आपण म्हणतो, परंतु १४ जानेवारीला ही सावली मोजली तर ती ८१ सेंटिमीटरच भरते, म्हणजे सूर्य तीन आठवड्यांपूर्वीच उत्तरेकडे वळलेला असतो. संपातबिंदू, म्हणजे सूर्य विषुववृत्त ओलांडतो तो आकाशातला बिंदू, दर ७२ वर्षांना साधारण एक अंश मागे सरकतो. आपली संक्रांत मात्र ताऱ्यांना बांधलेली आहे आणि सूर्याचे वळणे ऋतूंना बांधलेले आहे. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकत्र होती. अर्ध्या रुपयाच्या खडूने आणि काठीने ही गोष्ट घरात सिद्ध करता येते.

दुसरे साधन आपल्या घरात बहुधा असेलच. दाते पंचांग आपल्याच सोलापुरातून निघते. त्याकडे मुहूर्ताचे पुस्तक म्हणून न पाहता चंद्रसूर्याच्या स्थितीचे कोष्टक म्हणून पाहावे. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातील अंतराचा १२ अंशांचा टप्पा. शुक्ल अष्टमी ८४ अंशांवर लागते आणि ९६ वर संपते, म्हणून बरोबर अर्धा चंद्र तिच्या पोटात असतो आणि सूर्यास्ताला तो उंच, दक्षिणोत्तर रेषेजवळ दिसतो. रोजचे नक्षत्र वाचून त्या रात्री चंद्र खरोखर त्या ताऱ्याजवळ आहे का, ते पाहा. येत्या फाल्गुन शुक्ल अष्टमीला, २४ फेब्रुवारीच्या सुमारास, तो कृत्तिका-रोहिणीच्या परिसरात असेल. आणि ३ मार्चला, फाल्गुन पौर्णिमेला, चंद्र ग्रस्तोदित आहे: तो ग्रहण लागलेलाच उगवेल आणि सायंकाळी ६ वाजून ४७ मिनिटांनी ग्रहण सुटेल. वेळ फार थोडा मिळेल, पूर्व क्षितिज मोकळे हवे.

तिसरी गोष्ट सासूबाईंसाठी सुचवतो. खिशातल्या आरशावर कागद चिकटवून त्याला पाच मिलिमीटरचे भोक ठेवा आणि तो उन्हात असा टेकवा की तिरीप खोलीतल्या भिंतीवर पडेल. भिंत दहा मीटर दूर असेल तर तेथे सुमारे नऊ सेंटिमीटरचे सूर्यबिंब उमटते, मग भोक चौकोनी का असेना. आरशातून मात्र कोणी थेट पाहू नये. जुन्या घरात कौलांतून किंवा पत्र्याच्या छिद्रातून पडणारा कवडसा हाही सूर्याचे चित्रच असतो.

थोडे विषयांतर करतो. या जिल्ह्याचा खगोलशास्त्राशी संबंध नवा नाही. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कँपबेल ४० फूट नाभीय अंतराचा कॅमेरा घेऊन करमाळा तालुक्यातल्या जेऊर येथे उतरले होते. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला यांनीही आपला तळ जेऊरलाच ठोकला होता. आज रेल्वेने पुण्याला जाताना ते स्थानक मागे पडते आणि कोणी मान वळवूनही पाहत नाही.

---

नान्नजचा_रस्ता

सर्वांनी चांगले लिहिले आहे, तरी एक मतभेद नोंदवतो. शहरातून डोळ्यांना दिसणारे तारे मोजकेच असतात आणि मुलीने खरे आकाश एकदाही पाहिले नाही, तर तिची कल्पना अपुरी राहील. एखाद्या अमावास्येला घरातले कोणी तिला नान्नजच्या माळाकडे किंवा गावच्या शेतावर न्यावे. धनु राशीतला आकाशगंगेचा गाभा आपल्याकडून चाळीस अंशांहून अधिक वर येतो, युरोपातल्या निरीक्षकांना तो क्षितिजालगतच्या धुरकटीत शोधावा लागतो. पावसाळ्यापूर्वी, मेच्या उत्तररात्री, हे दृश्य चुकवू नये.

शिकण्यासाठी वाचन हवे असेल तर मराठी विश्वकोशातल्या खगोलशास्त्राच्या नोंदी जालावर मोफत आहेत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांसाठीच काम करते आहे. पाऊस सुरू झाला की गॅलक्सी झू हा जालावरचा उपक्रम पाहा. २००७ पासून त्यात सामान्य माणसे दुर्बिणींनी टिपलेल्या दीर्घिकांचे (आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहांचे) आकार पाहून वर्गीकरण करतात. हॅनी व्हान आर्केल या डच शिक्षिकेला त्यातच एक विलक्षण हिरवट ढग सापडला आणि तो आज तिच्या नावाने ओळखला जातो.

---

जुळे_सोलापूर (५ एप्रिल)

उत्तर देण्यास उशीर झाला, कारण वही भरायची होती.

प्रथम अपयशे सांगते. ३ मार्चला आम्ही गच्चीवर साडेसहापासून उभ्या होतो; पूर्वेच्या इमारतींवर चंद्र आला तेव्हा सात वाजून गेले होते आणि तो स्वच्छ, पूर्ण होता. ग्रस्तोदय आमच्या वाट्याला आला नाही. ध्रुव सापडायला चार रात्री लागल्या, कारण आम्ही त्याच्याकडून फार तेजाची अपेक्षा करत होतो.

टाकीसाठी आम्ही व्याध निवडला. २२ मार्चला तो १० वाजून ४१ मिनिटांनी आड गेला, २३ ला १०:३७ ला, २४ ला १०:३४ ला. मध्ये तीन रात्री ढग आणि सासूबाईंचा ताप यांत गेल्या. २८ तारखेला तो १०:१७ लाच गेला. मुलीने सहा दिवसांना चोवीस मिनिटे असा हिशेब केला आणि रोज चार मिनिटे हे तिचे तिलाच सापडले. २४ तारखेच्या नोंदीत एक मिनिट चुकले, हेही तिनेच दाखवून दिले. आता तिचा प्रश्न आहे की तारे घाई का करतात. मी उत्तर दिलेले नाही, कारण मला नीट मांडता येईना.

दुर्बीण ३५ पटींवर लावली आणि गुरूशेजारी चार ठिपके दिसले. एका रात्री तीनच होते. तेव्हा मुलगी घाबरून, दुर्बीण पुन्हा बिघडली, असे म्हणाली. समदिनाला १२ वाजून ३४ मिनिटांनी सावली ३३ सेंटिमीटर भरली.

आरशाचा प्रयोग आम्ही सासूबाईंच्या खोलीत केला. भिंतीवरचे बिंब हळूहळू सरकताना पाहून त्या पुष्कळ दिवसांनी आपणहून बोलल्या. १६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणात खग्रास पट्टा खाली कर्नाटकातून गेला होता आणि सोलापुरात सूर्याची कोर उरली होती; त्या दुपारी सगळी दारे-खिडक्या लावून घेतलेल्या असताना पत्र्याच्या छिद्रांतून जमिनीवर शेकडो लहान लहान कोरी पडल्या होत्या, असे त्यांनी सांगितले. तेव्हा सर्वांनी तो अपशकुन मानला होता. मृगाच्या तीन ताऱ्यांना त्या तिकांडे म्हणतात आणि सप्तर्षींना बाज. बाजेचे पाय चोरायला आलेल्या तीन चोरांची गोष्ट मुलीने त्यांच्याकडून दोनदा ऐकली.

---

माळवद

ताई, वही पाहण्याची इच्छा होते आहे. १०:३४ ची चूक तशीच राहू द्या, खोडू नका. निरीक्षणाची वही स्वच्छ असली की मला तिचा संशय येतो.

मुलीला असे सांगा. तिला खोलीच्या मध्ये ठेवलेल्या स्टुलाभोवती चालायला लावा. स्टूल म्हणजे सूर्य आणि ती पृथ्वी. स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेऊन ती पुन्हा समोरच्या भिंतीवरल्या कॅलेंडरकडे, म्हणजे ताऱ्याकडे, तोंड करते. पण तेवढ्यात ती थोडी पुढे सरकलेली असल्यामुळे स्टुलासमोर यायला तिला आणखी जरासे वळावे लागते. पृथ्वीला हे जास्तीचे वळण रोज जवळजवळ एक अंश घ्यावे लागते आणि त्याला चार मिनिटे लागतात. ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीची गिरकी २३ तास ५६ मिनिटांची आहे, आपले घड्याळ मात्र सूर्याला बांधलेले आहे. रोजची चार मिनिटे महिन्याला दोन तास होतात आणि वर्षाला पूर्ण दिवस. म्हणूनच मृग आता संध्याकाळी पश्चिमेला झुकला आहे.

हरवलेला चौथा उपग्रह गुरूच्या पुढे, मागे किंवा त्याच्या सावलीत असणार. त्या रात्रीची वेळ लिहिलेली असेल तर स्टेलॅरियममध्ये तीच वेळ घालून मुलीला शोधू द्या.

मृग मावळण्याआधी आणखी एक नोंद सुरू करा. त्याच्या खांद्यावरचा तांबूस काक्षी (बीटलजूस) हा तारा आज तेजाने प्रश्वाच्या जवळचा वाटतो की रोहिणीच्या, एवढेच आठवड्यातून एकदा लिहायचे. हा तारा आपले तेज बदलतो; २०२० च्या फेब्रुवारीत तो इतका मंदावला होता की मी दोनदा चष्मा पुसला. १९११ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतल्या चलताऱ्यांच्या निरीक्षकांच्या संघटनेकडे जगभरचे हौशी लोक अशा नोंदी आजही पाठवतात. आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री साडेनऊ-दहाला दक्षिणेकडे पाहण्यास विसरू नका, त्रिशंकू हा तारकासमूह सरळ उभा असतो. त्याचा खालचा तारा क्षितिजापासून मूठभरही वर नसतो, म्हणून धूळ कमी असलेली रात्र निवडा.

---

पंचांगवाचक

सासूबाईंची आठवण वाचून समाधान वाटले. त्यांच्या तोंडून ग्रहणाचे वर्णन जसेच्या तसे लिहून ठेवावे.

शंकूचा पुढचा टप्पा १० आणि ११ मे हा आहे. त्या सुमारास सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासूनचे त्याचे अंशांतले अंतर) आपल्या अक्षांशाइतकी होते आणि मध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, म्हणून सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखालीच लपते. वेळ १२ वाजून २३ मिनिटांची. दोन्ही दिवस पाहा, कारण सूर्यबिंब अर्धा अंश रुंद असल्याने फरक सूक्ष्म असतो. काठी जराशीही कलली तर सावली उरते, त्यामुळे ओळंबा पुन्हा लावून घ्या. ते जमले नाही तर सपाट फरशीवर स्टीलचा उभट, सरळ कडांचा डबा ठेवा. पाच मिनिटे आधीपासून दर मिनिटाला फोटो काढा आणि डोकी झाका, ते ऊन साधे नसते. हाच प्रसंग ऑगस्टच्या २-३ तारखेला पुन्हा येतो, परंतु तेव्हा ढगांचा भरवसा नाही. ११ मेनंतर सावली दक्षिणेला पडू लागेल. ती ज्या दिवशी प्रथम स्पष्ट दिसेल ती तारीख येथे कळवा.